स्त्रीरोगतज्ज्ञाकडे कोणाला पाठवायचे, किती घाईने पाठवायचे आणि कोणाला पाठवायचे नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आपण नुकत्याच वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाल्या आहात. बाह्यरुग्ण विभागात रोज पाळीच्या, अंगावरून जाण्याच्या आणि ओटीपोटाच्या तक्रारी घेऊन बायका येतात आणि त्यांतील कोणाला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे हे ठरवताना आपली ओढाताण होते. जास्त पाठवल्या तर "एवढेही तिथे होत नाही का" असे वरून ऐकावे लागते, आणि कमी पाठवल्या तर काहीतरी निसटले असेल या विचाराने रात्री झोप लागत नाही. म्हणून आपण एक यादी मागितली आहे.

यादी मी देणार आहे, पण खरी अडचण यादी नसण्याची नाही. कोल्हापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना माझ्यापुढे खेड्यांतून आलेल्या ज्या चिठ्ठ्या येत राहिल्या, त्यांवरून मला सतत जाणवत आले आहे की चूक दोन उलट दिशांनी होते. नुसते पांढरे जाते म्हणून तिशीतल्या बाईला "पिशवी दाखवून घ्या" असे सांगून पाठवले जाते, आणि पाळी जाऊन सहा वर्षे झालेल्या मावशींना पुन्हा लाल दिसले तर रक्त थांबण्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवले जाते. पहिलीचे काम केंद्रातच पूर्ण होण्यासारखे होते आणि दुसरीला त्याच आठवड्यात पाठवायला हवे होते. पहिलीला विनाकारण गर्भाशय गमवावे लागू शकते, तर दुसरीच्या हातची वेळ निघून जाऊ शकते.

म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात असे मी सांगेन. ही बाई गरोदर असू शकते का? तिच्या जिवाला आज, काही तासांत धोका आहे का? आणि तज्ज्ञाकडे असे काय आहे, जे माझ्याकडे नाही: गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासणे, शस्त्रक्रिया, योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी, की केवळ माझ्यापेक्षा मोठे नाव? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत देता येत नसेल, तर बहुतेक वेळा बाईला पाठवण्याची नव्हे, तर पुन्हा एकदा नीट तपासण्याची गरज असते.

आधी गरोदरपणाचे बोलू. रक्तस्राव किंवा ओटीपोटात दुखणे घेऊन आलेल्या, पाळी चालू असलेल्या प्रत्येक बाईची लघवीची गर्भचाचणी झालीच पाहिजे. आशाताईंकडचे "निश्चय" किट त्यासाठी पुरते. "पाळी आत्ताच येऊन गेली" हे उत्तर चाचणी टाळण्यासाठी पुरेसे नाही, कारण जिला ती पाळी वाटली तो गर्भनलिकेतल्या गर्भाचा रक्तस्राव असू शकतो. "माझे ऑपरेशन झाले आहे" हे उत्तर तर आणखी फसवे आहे. आपल्याकडे ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, आणि ती झाली म्हणजे गर्भाचा प्रश्नच मिटला असे बाई, नवरा आणि कित्येकदा डॉक्टरही धरून चालतात. प्रत्यक्षात ही शस्त्रक्रिया क्वचित, आणि कित्येक वर्षांनीही, निष्फळ ठरते, आणि तशी ठरून राहिलेल्या गर्भांपैकी सुमारे एक तृतीयांश गर्भ गर्भाशयाबाहेर असतात. त्यामुळे ऑपरेशन झालेल्या बाईची चाचणी सकारात्मक आली, तर गर्भाशयातला गर्भ सोनोग्राफीत दिसेपर्यंत तो गर्भनलिकेतच आहे असे समजून वागावे.

औषधांच्या दुकानातून "पाळी आणायच्या गोळ्या", म्हणजे गर्भपाताच्या गोळ्या, घेऊन खाल्लेल्या बायकांचेही तसेच. त्या आपणहून सांगत नाहीत. सासू किंवा नवरा समोर असताना तर नाहीच सांगत. सर्वांना बाहेर बसवून, आवाजात जरब न आणता, "काही गोळ्या घेतल्या होत्या का, घेतल्या असल्या तरी मी रागावणार नाही" असे विचारावे लागते. गर्भनलिकेतल्या गर्भावर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, पण रक्तस्राव होतो आणि बाईला वाटते की काम झाले. दोन-तीन आठवडे रक्त जात असेल, पोटात एका बाजूला दुखत असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, तर तिला त्याच दिवशी पाठवा. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर आढळली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारक आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. मात्र गर्भपाताच्या संदर्भात, मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. या भीतीपोटी मुलीला दारातून परत पाठवू नये.

चाचणी सकारात्मक, नाडी जलद, रक्तदाब खाली, पोट ताठ, खांद्यात दुखणे, असे चित्र दिसले की सोनोग्राफीची वाट पाहायची नाही. वाटेतल्या खासगी केंद्रात "एक सोनोग्राफी करून पुढे जा" असे सांगण्यात जो अर्धा-पाऊण तास जातो, तोच तिच्या हातून जातो. दोन्ही हातांत जाड सुया लावून सलाईन सुरू करा, रक्तगट लिहा, १०८ बोलवा, आणि गाडी निघण्यापूर्वी जिथे पाठवता तिथल्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोला. गगनबावड्याहून छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात किती वेळ घेईल ते कोणी सांगू शकत नाही. तेवढ्या वेळात तिथे रक्त आणि शस्त्रक्रियागृह तयार ठेवता येते, पण फोन गेला असेल तरच. अचानक, एका बाजूला, उलट्यांसह उठलेली तीव्र कळ हीसुद्धा याच गटातली आहे. चाचणी नकारात्मक असली तरी बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो, आणि तो वेळेत सोडवला तर बीजकोश वाचतो. वेदनाशामक इंजेक्शनने कळ कमी झाली म्हणून तिला घरी सोडू नका.

आता ज्या तक्रारीसाठी मी हे उत्तर मुळात लिहायला घेतले, तिच्याकडे वळतो. पाळी पूर्ण बंद होऊन बारा महिने झाल्यानंतर दिसलेले रक्त, मग तो एक डाग असो, गुलाबी पाणी असो किंवा भरपूर रक्तस्राव असो, ते तज्ज्ञांकडे पाठवण्याचे कारण आहे आणि त्याला अपवाद नाही. आपल्या भागात बायका याला "पाळी परत आली" म्हणतात. काही जणींना त्यात बरेही वाटते, कारण अंग मोकळे झाले अशी समजूत असते, आणि म्हणूनच त्या उशिरा येतात. बहुधा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्यावर जाता जाता सांगतात. तेव्हा खुर्चीतून उठलेल्या मावशींना पुन्हा बसवून घ्या.

तिला घाबरवण्याचे मात्र कारण नाही. अशा बायकांपैकी सर्वसाधारणपणे दहांत नऊ किंवा त्याहून अधिक जणींना कर्करोग नसतो. योनिमार्गाचा आणि अस्तराचा कोरडेपणा हेच सर्वांत जास्त आढळणारे कारण असते. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर पाळी गेल्यानंतर होणाऱ्या अस्तराच्या कर्करोगात दहांपैकी सुमारे नऊ जणींच्या बाबतीत रक्त दिसते, आणि त्या वेळी रोग बहुधा गर्भाशयापुरताच असतो. लवकर खूण देणारे असे कर्करोग थोडेच आहेत, आणि ती खूण वाया घालवू नये हेच माझे सांगणे आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, स्थूलपणा, मूल न होणे आणि स्तनाच्या कर्करोगासाठी चालू असलेले टॅमॉक्सिफेन यांनी धोका वाढतो; मात्र यांपैकी काहीही नसले म्हणून थांबून पाहणे योग्य ठरत नाही.

तज्ज्ञ पुढे काय करतील, ते आपल्याला माहीत असले तर बाईला समजावणे सोपे जाते. योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजली जाते. ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल आणि रक्त एकदाच दिसले असेल, तर कर्करोगाची शक्यता फार कमी असल्याने बहुधा थांबता येते. जाडी त्याहून जास्त असेल किंवा रक्त पुन्हा दिसले, तर अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासतात. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला जाडीचा हा आकडा लागू पडत नाही, म्हणून चिठ्ठीत त्या गोळीचा उल्लेख हवाच. आणि एक कळकळीची विनंती: पाठवण्यापूर्वी नॉरेथिस्टेरॉन ही हार्मोनची गोळी देऊ नका. त्या गोळीने रक्त थांबते, बाई निर्धास्त होते, चिठ्ठी फळीवर पडून राहते आणि ती येते तेव्हा वर्ष उलटलेले असते.

पण पाठवण्याआधी एक काम केंद्रातच झाले पाहिजे, आणि ते न होण्याचे प्रमाण मला फार खटकते. ते म्हणजे स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडा धरणारे उपकरण, घालून गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहणे. बाईला आधी लघवी करून येऊ द्या. सिस्टर सोबत असू द्या, दार लावून घ्या. कस्कोचे स्पेक्युलम कोमट पाण्यात बुडवून घ्या. थंडगार लोखंड लागले की ती अंग आकसून घेते आणि मग काही दिसत नाही. पाती मिटलेली ठेवून, टोक पाठीच्या कण्याकडे रोखत हळूहळू आत सरकवा, पूर्ण आत गेल्यावरच उघडा, आणि दिव्याचा झोत आपल्या खांद्यावरून आत जाईल असा ठेवा. गुळगुळीत गुलाबी मुख, किंवा छिद्राभोवती सारख्या कडेचा लालसर भाग, हे दोन्ही निरोगी असू शकतात. फुलकोबीसारखी वाढ, उंच कडांचा व्रण, कापसाचा बोळा लागताच भळभळणारा पृष्ठभाग, दुर्गंधी, यांपैकी काही दिसले तर पॅप तपासणीसाठी नमुना घेत बसू नका आणि अॅसिटिक आम्लही लावू नका. त्या चाचण्या डोळ्यांना न दिसणारा दोष शोधण्यासाठी आहेत. दिसणाऱ्या गाठीचा तुकडाच तपासावा लागतो, आणि अशा ठिकाणी पॅपचा अहवाल चांगला आला तर तो सर्वांचीच दिशाभूल करतो.

गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या देशातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. शासकीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अॅसिटिक आम्लाची चाचणी पाच वर्षांतून एकदा करायची असते. ती सकारात्मक आली तर पुढे पाठवणे आलेच, पण नकारात्मक चाचणीचा अर्थही वयाप्रमाणे बदलतो. पाळी गेल्यानंतर तपासण्याचा भाग गर्भाशयमुखाच्या आत सरकतो, त्यामुळे साठीच्या बाईची चाचणी नकारात्मक असली तरी तक्रार असेल तर तिला पाठवावे. संबंधानंतर रक्त दिसणे ही तक्रार कोणत्याही वयात गंभीर धरावी. बाई ते या शब्दांत सांगणार नाही. "मधेच डाग पडतो" एवढेच म्हणेल, म्हणून आपणच विचारायला हवे.

पाळी चालू असलेल्या वयातील जास्त रक्तस्रावाचा बराचसा भाग आपल्या हातातला आहे. गर्भचाचणी, हिमोग्लोबिन, शक्य असल्यास थायरॉइडची तपासणी, पोटावरून आणि आतून तपासणी एवढे करून रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल १ ग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीचे पहिले चार-पाच दिवस, त्यासोबत गरजेप्रमाणे मेफेनॅमिक आम्ल आणि लोहाच्या गोळ्या द्याव्यात. रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर मात्र ट्रॅनेक्झॅमिक आम्ल टाळावे. तीन पाळ्या पाहाव्यात. त्यानंतरही फरक नसेल तर पाठवावे. वाट न पाहता पाठवायचे प्रसंग वेगळे आहेत: हिमोग्लोबिन ८ च्या खाली असणे, गर्भाशय पोटावरून हाताला लागणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, आणि वय ४५ च्या पुढे असताना पाळीचे स्वरूप बदलून रक्तस्राव वाढणे. "पाळी जायच्या आधी असे होतेच" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे, पण अस्तर तपासल्याशिवाय ते त्या बाईला लागू करू नये. वजन जास्त असलेली, दोन-तीन महिने पाळी न येऊन मग पंधरा-पंधरा दिवस रक्त जाणारी पस्तिशीची बाईही याच विचाराने पाठवावी, कारण तिच्या अस्तरावर प्रोजेस्टेरॉनशिवाय नुसत्या इस्ट्रोजेनचा परिणाम दीर्घकाळ होत असतो.

आता पांढरे जाण्याविषयी, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहू द्या.

पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक बायकांचा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण होतो. दह्यासारखा स्राव आणि खाज असेल तर बुरशीचा, मासळीसारखा वास असेल किंवा हिरवट फेसाळ स्राव असेल तर मेट्रोनिडाझोल किंवा सेक्निडाझोलने बरा होणारा संसर्ग असतो. औषधांचे हिरव्या रंगाचे किट क्रमांक २ त्यासाठीच आहे. ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा संसर्ग किंवा गर्भाशयमुखाचा संसर्ग वाटला तर नवऱ्यालाही औषध हवे, नाहीतर महिन्याभरात ती परत येते आणि सगळे म्हणतात की इथल्या औषधाने गुण येत नाही. वर्षातून चारदा बुरशी होत असेल तर पाठवण्यापूर्वी रक्तातील साखर तपासा. आणि ज्या बाईला खाज नाही, वास नाही, दुखत नाही, स्राव पाण्यासारखा पातळ आणि महिन्याच्या मध्यावर वाढणारा आहे, तिला काहीही झालेले नाही, हे तिला बसवून सांगणे हाच उपचार आहे. त्या तक्रारीमागे कंबरदुखी, अशक्तपणा, घरातला ताण असतो. तो ऐकून घ्यायला पाच मिनिटे जातात.

ही पाच मिनिटे दिली नाहीत तर पुढे काय होते, ते लिहितो. बाई सोनोग्राफीला जाते. अहवालात गर्भाशय किंचित मोठे, "बल्की", असे लिहून येते, जे दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईत अपेक्षितच असते. तपासताना छिद्राभोवतीचा लालसर भाग दिसतो आणि तिला सांगितले जाते की पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, पुढे त्याचा कॅन्सर होईल. घरचे घाबरतात, दागिने मोडतात किंवा मुकादमाकडून उचल घेतात, आणि पस्तिशीच्या आत गर्भाशय काढले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडल्याचे पुढे आले आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. त्याच बायका दर हंगामात आपल्या जिल्ह्यातील कारखान्यांच्या फडांवर येतात, म्हणून हा प्रश्न बीडचा म्हणून आपल्याला बाजूला ठेवता येणार नाही. अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्ध केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि त्या अमलात आणण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना सांगितले आहे. पण न्यायालयाच्या आदेशाच्या कितीतरी आधी, ती बाई तुमच्या टेबलासमोर बसलेली असते. गर्भाशय काढल्यावर पाळी लवकर जाण्याचा धोका वाढतो, आणि त्यासोबत बीजकोशही काढले तर हाडे आणि हृदय यांवर होणारा परिणाम तिला आयुष्यभर भोगावा लागतो.

म्हणून पांढरे जाते एवढ्यासाठी पाठवू नका. रक्तमिश्रित किंवा पाळी गेल्यानंतरचा दुर्गंधीयुक्त स्राव, गर्भाशयमुखावर संशयास्पद वाढ, गरोदर बाईला पाण्यासारखे जाणे, किंवा दोनदा योग्य उपचार करूनही तक्रार कायम राहणे, एवढ्याच वेळी पाठवा. ताप आणि ओटीपोटात दुखणे सोबत असेल आणि आतून तपासताना गर्भाशयमुख हलवल्यावर कळ येत असेल, तर ओटीपोटातल्या संसर्गाचे औषध संशयावरूनच सुरू करा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. सुधारणा नसेल, उलट्या होत असतील, गाठ हाताला लागत असेल किंवा ती गरोदर असेल तर दाखल करण्यासाठी पाठवा.

बीजकोशाच्या गाठीबाबत दोन वाक्ये. पाळी चालू असलेल्या बाईच्या सोनोग्राफीत ५ सेंटिमीटरपेक्षा लहान, पातळ पाण्याने भरलेली साधी गाठ दिसली आणि तिला काही त्रास नसेल तर ती बहुधा आपोआप जाते; तिला शस्त्रक्रियेच्या दारात उभे करू नये. याउलट पन्नाशीनंतर पहिल्यांदाच "गॅस होतो, पोट फुगते, दोन घास खाल्ले की भरते, लघवीला सारखे जावे लागते" असे म्हणणाऱ्या बाईला आम्लपित्ताच्या गोळ्यांवर महिनोन् महिने ठेवू नये. तिच्या पोटावर हात ठेवा, सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्ततपासणीची सोय करा, आणि गाठ किंवा पोटात पाणी आढळल्यास तपासण्यांची वाट न पाहता पाठवा.

राहिलेले प्रसंग भराभर सांगतो. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी न आलेली, किंवा तेरा वर्षांपर्यंत स्तनांची वाढच सुरू न झालेली मुलगी पाठवावी; पाळी नाही पण दर महिन्याला पोट दुखते आणि लघवी अडते, असे असेल तर लगेच. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षे अनियमितपणा चालतो, पण तीन महिन्यांहून अधिक खंड पडत असेल तर पाहायला हवे. पहिल्या पाळीपासूनच कपडे भिजतील इतके रक्त जाणाऱ्या मुलीला नाकातून रक्त येते का, दात काढल्यावर रक्त थांबले का, हे विचारा, कारण दोष गर्भाशयात नसून रक्त गोठण्याच्या क्रियेत असू शकतो. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यात बाईचे वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष आणि त्यापुढे असेल तर सहा महिने प्रयत्न झाल्यावर पाठवावे, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी आधी करून घ्यावी. ती न करता सुनेला महिनोन् महिने बीज तयार होण्याच्या गोळ्या दिल्या जातात, हा तिच्यावर अन्याय आहे. मायांग बाहेर येणाऱ्या आजींना लघवी अडत नसेल आणि त्यावर जखम नसेल तर घाई नाही, पण त्या लाजेपोटी वर्षानुवर्षे वैरणीचे भारे उचलत तशाच राहतात. शस्त्रक्रिया नको असेल तर रिंग बसवूनही आराम मिळतो, एवढे सांगितले तरी त्या यायला तयार होतात. तांबीचा दोरा सापडत नसेल तर आधी गर्भचाचणी, मग सोनोग्राफी. स्तनातील गाठ आमच्याकडे नको, सरळ शल्यचिकित्सकाकडे पाठवा. मधल्या फेरीत दिवस जातात.

वर लिहिलेल्या मुदती पाळताना परिस्थिती पाहावी लागते, हे मी मान्य करतो. कागलच्या बाईला "तीन पाळ्यांनंतर या" म्हणता येते. फडावरच्या खोपीत राहणारी, मार्चमध्ये कारखाना बंद झाला की परत जाणारी बाई तीन महिन्यांनी आपल्यासमोर नसणार, म्हणून तिच्या बाबतीत पाठवण्याचा उंबरठा खाली आणावा आणि शक्यतो एकाच फेरीत तपासणी, रक्त, सोनोग्राफी सगळे होईल असे पाहावे. एक दिवसाचा खाडा म्हणजे तिच्या कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, मजुरी बुडते आणि वर दंडही पडतो. चंदगडची बाई कोल्हापूरपेक्षा बेळगावला लवकर पोचते. जिल्ह्याच्या हद्दीसाठी तिला उलट्या दिशेने पाठवू नये. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या जवळच्या ठिकाणी ज्या वारी स्त्रीरोगतज्ज्ञ भेटतात, तो वार आपल्या टेबलावर लिहून ठेवा. चुकीच्या दिवशी जाऊन परत आलेली बाई बहुधा दुसऱ्यांदा जात नाही.

शेवटी चिठ्ठी. "पुढील उपचारासाठी पाठवत आहे" या चार शब्दांतून समोरच्या डॉक्टरला काहीच कळत नाही आणि बाईला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते, तेही गर्दीत, अनोळखी माणसापुढे. अशी लिहा: "वय ५४. पाळी जाऊन पाच वर्षे. तीन आठवड्यांत दोनदा रक्त दिसले. मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. रक्तदाब १५०/९०. स्पेक्युलमने पाहिले: गर्भाशयमुख गुळगुळीत, गाठ नाही, रक्त आतून येताना दिसले. हिमोग्लोबिन १०.२. हार्मोनची गोळी दिलेली नाही. अस्तराची तपासणी करावी ही विनंती. अहवाल कळवावा." एवढे लिहायला तीन मिनिटे लागतात. ज्या बाईला गर्भाशय काढण्याची भीती किंवा उलट घाई आहे, तिच्या चिठ्ठीत तेही लिहा. तिच्याशी काय बोलायचे, ते मला त्यावरून कळते.

आणि पाठवलेल्या बायकांची एक साधी वही ठेवा: नाव, गाव, कशासाठी पाठवले, आशाताईंचा फोन. दर शनिवारी ती उघडून कोण पोचली आणि कोण पोचली नाही ते विचारा. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेली बाई दोन आठवड्यांत पोचली नसेल तर आशाताईंना तिच्या घरी पाठवा, आणि गरज पडली तर नवऱ्याशी किंवा मुलाशी आपण स्वतः बोला. बहुतेक वेळा अडचण गाडीभाड्याची, सोबतीची किंवा जनावरांकडे कोण बघणार याची असते, आणि ती विचारल्यावर सुटते.